घुमरीच्या भिंतीवरची घोंगडी

टाळी वाजवून पाहिलीत, बरं केलंत. इथं येणारा प्रत्येक जण तेच करतो. एवढी मोठी कपार, छत उंच, भिंती गुळगुळीत, आणि नाव घुमरी. टाळी घुमायला हवी, पण ती जिथल्या तिथं विरते. खालपासून वरपर्यंत ही घोंगडी टांगलेली दिसतात ना, त्यांच्यामुळं. ती काढली तर कपार पुन्हा घुमेल. पण ती कोणी काढत नाही. बसा जरा. मी हळू बोलतो, तरी इथं शेवटच्या माणसाला ऐकू जातं.

फार जुन्या काळी खाली वाघजळ गाव नव्हतं, नुसती धनगरांची वस्ती होती असं सांगतात. पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळायचं, आणि सगळी वस्ती मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायची. घाटाच्या तोंडाशी कायम धुकं. तिथं तीन खिंडी आहेत, दिसायला एकसारख्या. एकच खाली उतरते. बाकीच्या दोन कड्यावर जाऊन संपतात. कोणती खरी, ती धुक्यात कशी ओळखायची, वाटेत कुठलं पाणी प्यायचं, कुठलं टाळायचं, हे सगळं वाटेच्या पाठात होतं. पाठ एका वाटाड्यालाच येई. बाकीचे त्याच्या हाकेमागं चालत.

हा पाठ उघड्यावर सांगायचा नाही, याच कपारीत सांगायचा, अशी रीत होती. कारण इथं बोललेला शब्द घुमून परत यायचा. लोकांना वाटे, तो बिरोबाचा हुंकार. देव ऐकतो आणि हुंकार भरतो. म्हणून शिकवणारा ओरडून सांगे, पोरं ओरडून म्हणत. जितकं मोठं घुमेल तितका देव खूश.

खेलोबा आजा तेव्हाचा वाटाड्या. तो म्हातारा झाला तसा त्यानं पाठ आपल्या मुलाला, धोंडिबाला दिला. पहिल्याच वर्षी धोंडिबा धुक्यात चुकीच्या खिंडीत शिरला. पुढची मेंढरं त्याच्याबरोबर कड्यावरून गेली. मागच्यांनी त्याची किंकाळी ऐकली आणि ते माघारी फिरले. तो उन्हाळा वस्तीनं माळावरच काढला. निम्म्याहून जास्त मेंढरं चाऱ्यावाचून मेली, तान्ही पोरं गेली. आणखी एक उन्हाळा तसा काढावा लागला असता तर वस्ती उरली नसती.

खेलोबा आजाला आता छातीचा आजार जडला होता. डोंगर उतरायचं त्राण नव्हतं, म्हणून तो कपारीतच पडून असे. वस्तीतली जाणती पोरं त्याच्यापुढं बसवली. आजाचा आवाज रोज बारीक होत चालला. तो चार शब्द बोले, ते भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळत. पोरं आपली मोठ्यानं काहीतरी म्हणत. "कळलं का रं?" विचारलं की सगळी म्हणत, "व्हय आजा." एकटी तानू म्हणायची, "न्हाय आजा, मला कळंना."

तानूची आई लिंबाई. नवरा नाही, ही एकच लेक. बाया तिला टोचून बोलत. "लिंबे, तुझ्या पोरीच्या डोक्यात मेंढीची लोकर भरलीया गं!" लिंबाई मान खाली घालून लोकर कातत राही.

मग थंडी पडली. वारा थेट कपारीत शिरायला लागला आणि आजाचा खोकला थांबेना. लिंबाई रोज त्याला भाकर घेऊन वर येई. तिला त्याचे हाल बघवले नाहीत. तिनं घरातली होती नव्हती ती घोंगडी आणली, लग्नातलंसुद्धा. शेजारणींकडून मागून आणली. दगडांच्या फटीत खुंट्या ठोकून भिंतीभर टांगली, दारालाही लावली. म्हाताऱ्याला ऊब मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

काम संपल्यावर तिनं सवयीनं देवाला हाक मारली. हुंकार आला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. कपार गप्प.

आपण देवाची वाचाच घालवली, असं तिला वाटलं. ती धावत जाऊन घोंगडी ओढून काढायला लागली. तोच आजा अंथरुणातून शेजारी बसलेल्या तानूला काहीतरी म्हणाला आणि पोर ओरडली, "आये, थांब! काढू नगंस. आता कळतंय मला."

लिंबाईचा हात खुंटीवरच राहिला.

बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. माणसं काठ्या घेऊन डोंगर चढली. पुढं मायाप्पा कारभारी. त्यानं कपारीच्या तोंडाशी उभं राहून हाक दिली, हुंकार आला नाही, तसा त्याचा चेहरा उतरला.

"लिंबे, देवाला घोंगडं पांघरलंस व्हय? थंडी वाजत हुती त्याला?"

"देवाला न्हवं, आज्याला," ती म्हणाली.

"काढ समदी. घाट उतरायच्या तोंडावर देव रुसला तर कुणाला इचारायचं?"

दोघंजण पुढं सरले. लिंबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तेवढ्यात आजानं हात वर केला. तो बोलला तेव्हा आवाज कसला, नुसता श्वास होता. पण असं सांगतात की दारातल्या शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझा धोंडिबा हितंच शिकला. मी वरडलो, त्यो व्हय म्हनला. काय ऐकलंस, ते मी कदी इचारलंच न्हाय."

काठी खाली ठेवली तरी आवाज होईल म्हणून माणसं ती तशीच धरून उभी राहिली.

मायाप्पालाही पटलं असावं. पण देवाची भीती मोठी. तो एवढंच म्हणाला, "आणि देवाच्या आवाजाचं काय?"

तेव्हा लिंबाईनं जमिनीवरचा भंडारा कपाळाला लावला. ती म्हणाली, "देवाचा आवाज म्या घेतला. माजा त्याला दिला. कोप व्हायचा तर माज्यावर हुईल." ते तिचं शेवटचं बोलणं.

मग आजानं पाठ सांगितला. तुकड्यातुकड्यानं, धापा टाकत. प्रत्येक तुकड्यानंतर तो थांबे आणि तानूला विचारी, "काय ऐकलंस?" ती आपल्या शब्दांत सांगे. चुकलं तर तो पुन्हा सांगे. तिन्ही खिंडींची खूण तानूनं बिनचूक सांगितली, तेव्हा त्यानं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

वस्ती निघाली. घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं दाट होतं की आपलाच हात दिसेना. तानू एकटी पुढं गेली. मागं माणसं मेंढरांना धरून उभी. ज्याच्या त्याच्या तोंडी तिच्या नावाची हाक. लिंबाई मात्र गप्प. लेक कड्याच्या दिशेनं गेली असली तरी तिला हाक मारता येत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, असं सांगतात. हळूहळू तिच्याकडं बघून बाकीचेही गप्प झाले. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा माणसांनी मुठीत धरल्या.

बऱ्याच वेळानं खालून, लांबून, पोरीचा आवाज आला. "हिकडं या. वाट हाय."

लिंबाई पुढं पुष्कळ वर्षं जगली. तानू वाटाडी झाली, तिनं कितीतरी पोरं याच कपारीत शिकवली. पण लिंबाई पुन्हा बोलली नाही.

आता वाघजळात शाळा आहे, पक्की इमारत आहे. तरी आजही पोराचा पहिला धडा इथं होतो. सकाळी आई एक घोंगडं आणून भिंतीला टांगते आणि काही न बोलता खाली जाते. पोर घरी येईपर्यंत ती तोंड उघडत नाही. पोर आलं की त्याच्यासमोर बसते आणि वाट बघते. त्यानं काय ऐकलं ते सांगितलं की मगच त्याला नावानं हाक मारते, आणि जेवायला वाढते.

एखादं पोर म्हणतं, मला काहीच कळलं नाही. त्याला कोणी रागवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई आणखी एक घोंगडं खांद्यावर टाकून डोंगर चढते.