मुका कॅमेरा

"आता तरी आवाज आला नसेल ना, बाबा?"

जयवंत गव्हाणेनं हे विचारलं तेव्हा सकाळची ध्यानाची पहिली बैठक नुकतीच उठली होती. साधक पाय मोकळे करायला घाटाकडे गेले होते. मठाच्या ओसरीवर अच्युतबाबा एकटेच पाणी पीत बसले होते.

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"आला की."

जयवंतचा चेहरा पडला.

मठाला बाबांचा एकच फोटो हवा होता, डोळे मिटून ध्यानाला बसल्याचा. बाबांचं वय एक्याऐंशी. उद्या ते पायी नर्मदा परिक्रमेला निघणार होते, आणि परत येतील का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. फोटोसाठी तीन सकाळी मिळाल्या होत्या. "त्यांना पत्ताही लागणार नाही," असं म्हणत जयवंतनं मोठ्या तोऱ्यात काम अंगावर घेतलं होतं. आज तिसरी सकाळ होती.

पहिल्या दिवशी शटर खाडकन वाजलं आणि बाबांनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी त्यानं हळू आवाजाचा मोड लावला, तरी तेच. आज मात्र कॅमेरा पार मुका केला होता. शटर सायलेंट, फोकसची पिप् बंद, फोकसचा दिवा काळ्या चिकटपट्टीखाली. इतकं करूनही प्रत्येक फोटोत बाबा थेट लेन्समध्ये बघत होते. मांजरानं दूध सांडल्यावर घरातलं म्हातारं माणूस बघतं ना, तसे.

"या मोडमध्ये कॅमेऱ्याचा आवाज होतच नाही, बाबा."

"नसेल होत."

"मग तुम्ही ऐकलंत काय?"

"आत किती माणसं बसतात?"

"असतील चाळीसेक."

"चाळीस श्वास चाललेले असतात. त्यातला एक मध्येच थांबतो..."

जयवंतच्या लक्षात आलं. बटण दाबताना श्वास रोखायचा, म्हणजे हात हलत नाही. वीस वर्षांची सवय होती ती. हाताखालच्या पोरांनाही त्यानं हेच शिकवलं होतं.

"मग मी काय करू?"

बाबांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला...

घंटा झाली. दुसरी बैठक बसली, शेवटची.

जयवंतनं कॅमेरा उचलला. छाती आपोआप आवळली. बाबांनी डोळे उघडले. त्यानं कॅमेरा खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

मग त्याला स्वतःचाच राग आला. हात हलेल म्हणून श्वास रोखायचा हे ठीक, पण इथे तो सापडू म्हणूनही रोखत होता. तीन दिवस तो या माणसापासून लपत होता, आणि लपायला काही कारण नव्हतं.

त्यानं दात आवळले. फोटो काढल्याशिवाय उठायचं नाही, आणि लपून काढायचा नाही. त्यानं सायलेंट मोड काढून टाकला. फोकसच्या दिव्यावरची चिकटपट्टीही सोलून काढली. श्वास घेतला, सोडला, परत घेतला. तो चालू असतानाच कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो हलला तर हलू दे.

खाडकन आवाज झाला.

दहा-बारा माना वळल्या. पुढच्या रांगेतले एक काका दचकून चक्क त्याच्यावर डोळे वटारून बसले. बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

बैठक संपेपर्यंत जयवंत जागेवरून हलला नाही. सगळे गेल्यावर तो पुढे झाला आणि बाबांच्या पायाशी बसला.

"बाबा, आज एवढा मोठा आवाज झाला... तुम्हाला ऐकू नाही आला?"

"आला ना," बाबा म्हणाले. "पण तो कॅमेऱ्याचा होता."