सभापतींच्या गाडीचे दिवे

नाक्यावर सिंधूताई लोहारांचं गॅरेज होतं. हेडलाइटचा बल्ब बदलला की गाडी भिंतीसमोर उभी करायची आणि प्रकाश खडूच्या रेघेखाली आल्याशिवाय सोडायची नाही, हा त्यांचा नियम. बाजार समितीचे सभापती दौलतराव यांच्या गाडीचा प्रकाश रेघेच्या हातभर वर निघाला. ताईंनी स्क्रू फिरवायला घेतला, तसे दौलतराव गुरगुरले, "हात लावू नका. मीच मुद्दाम वर करून घेतलेत. कोण येतंय ते समोरच्याला लांबूनच कळलं पाहिजे. ऐकायचं नसेल तर समितीची एकही गाडी उद्यापासून इथं येणार नाही."

निम्मं गॅरेज त्याच गाड्यांवर चालत होतं. ताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि शटर ओढून अंधार केला.

"बरं. मग जरा त्या भिंतीपाशी उभे राहता का, साहेब?"

दौलतराव ऐटीत जाऊन उभे राहिले. ताईंनी दिवे लावले, तसा त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"आता गाडीच्या पुढची लाल पाटी वाचा. अक्षरं चांगली वीतभर आहेत."

"काही दिसत नाही. बंद करा ते."

"गाडी तुमची, पाटीवर नाव तुमचं," ताई म्हणाल्या. "तुम्हालाच वाचता येईना, तर कोण येतंय ते समोरच्याला कसं कळायचं?"

ताईंनी स्क्रू फिरवला, प्रकाश दौलतरावांच्या डोळ्यांवरून कमरेखाली उतरला.

"दिसतंय आता नाव," ते पुटपुटले.

"दिसणारच," ताई हात पुसत म्हणाल्या. "रेघ मी आखलीय."