डबीवरचा फोटो

“बुवा, याहून शुद्ध आणखी काय असतं, तुम्हीच सांगा?”

शाल्मलीनं डबी पुढे सरकवली. आत तिनं स्वतः बनवलेलं रंगीत क्रीम होतं. त्वचेची निगाही राखतं आणि डागही झाकतं, असं ती सांगे. रंगासाठी बुवांच्या मठाच्याच टेकडीवरचा गेरू घातलेला. झाकणावर तिचा हसरा फोटो, आणि फोटोखाली थोडी मोकळी जागा.

त्या जागेत तिला केवलबुवांचं नाव हवं होतं. पंचक्रोशीत बुवांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तेवढं नाव मिळालं की डबी घरोघर जाईल, याची तिला खात्री होती.

बुवांनी डबी हातात घेतली.

“यात आहे काय?”

“पॅराबेन नाही, सल्फेट नाही, कृत्रिम सुगंध नाही, कसलंही केमिकल नाही...”

“हे नसलेलं झालं. आहे काय?”

“सगळं निसर्गातलं.”

“बिब्बाही निसर्गातलाच.”

शाल्मली हसली. हसताना गालाची कातडी ओढली गेली आणि पुन्हा खाज सुटली. गालाकडे निघालेला हात तिनं मध्येच आवरला.

बरेच दिवस हे असं चाललं होतं. धूळ असेल, ऊन असेल, जागरण असेल... सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता, डबीवर तेवढा घेतला नव्हता. लाली दिसू नये म्हणून ती त्याच क्रीमचा आणखी एक हात फिरवायची. गाल चुरचुरतात असं एखाद्या गिऱ्हाइकानं कळवलंच, तर उत्तर ठरलेलं होतं: तुमची त्वचा नाजूक आहे.

बुवा तिच्या ओल्या पावलांकडे बघत होते.

“रांजणावर जाऊन आलीस?”

“हो. इथला रिवाज माहीत आहे मला. हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही.”

“हातपाय आणि तोंड.”



“बुवा, तोंड धुतलं तर...”

“तर?”

तिला खोटं सुचेना आणि खरं सांगवेना. पण नाव तर हवं होतं. ती उठली.

रांजणापाशी तिनं ओंजळ भरली आणि तशीच उभी राहिली. पाणी बोटांतून गळून गेलं. मग तिनं पुन्हा ओंजळ भरली.

ती परत आली तेव्हा दोन्ही गाल लालभडक होते, जागोजागी पुरळ उठलेलं. बुवांच्या डोळ्यांत तिला दया दिसली आणि ती तिला गालांपेक्षा जास्त झोंबली.

बुवांनी खांद्यावरचा पंचा तिच्यापुढे धरला. तिनं हलक्या हातानं चेहरा टिपला.

“आग होते?”

“फार,” ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं पंचा घडी घालून परत दिला.

“मग... नाव?” तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

बुवांनी डबी तिच्या हातावर ठेवली, हसरा चेहरा वर करून.

“छाप की, पोरी. फोटो तेवढा आत्ताचा लाव.”