गजराबाईचा काटेरी पाहुणा

एका गावात एक बाई राहत होती. तिच्या घरून कोणी उपाशी परत गेलं नाही आणि सुखानं जेवून उठलंही नाही. गजराबाई तिचं नाव. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर ती बोटांच्या फटीतून वाढायची. ‘नको’ हा शब्द तिला ऐकू येत नसे असं नाही. तिला ते लाजणं वाटे.

तिचा नवरा हैबती सणगर होता. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. त्याचा माग जमिनीत होता. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि विणायचं. धनगर लोकर आणून देत आणि मेंढरं घेऊन लांब चरायला निघायच्या आधी घोंगड्या घेऊन जात. विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे ती ताठ राहते. पण खळीचा वास झुरळांना आणि रातकिड्यांना साऱ्या गावातून बोलावून आणतो. खळ खाता खाता ते लोकरही कुरतडतात.

हैबतीच्या घोंगड्यांना लागोपाठ दोन वर्षं भोकं पडली. मायाप्पा धनगर हे त्याचं सर्वात जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या वर्षी त्यानं घोंगडी डोळ्यांसमोर धरली, तिच्यातून हैबतीकडे पाहिलं आणि म्हणाला, “चांदण्या दिसत्यात की रं यातनं.” एवढंच म्हणाला. पण पुढची लोकर दुसऱ्या गावी जाऊ शकते, हे हैबतीला कळलं. त्याला दुसरं काही काम येत नव्हतं.

एका सकाळी हैबतीनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडला आणि तो ओरडत वर आला. पावलाला पाच-सहा ठिकाणी टोचलं होतं. खड्ड्यात एक काटेरी गोळा पडला होता. गजराबाईनं फडकं टाकून तो उचलला. बऱ्याच वेळानं गोळ्यातून एक टोकदार नाक बाहेर आलं. मग एक कान आला, कुत्र्यानं फाडलेला.

“अगं बया, साळिंदराचं पिल्लू हे,” गजराबाई म्हणाली. “आईपासनं चुकलंय.”

ते साळिंदराचं पिल्लू नव्हतं. तो जाहक होता, म्हणजे भ्यालं की अंगाचा काटेरी गोळा करणारा, किडे खाणारा छोटा प्राणी. तो पुरता वाढलेला होता, आणि जाहक वाढून वाढून ओंजळीएवढाच होतो. हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. गजराबाईला नव्हतं, आणि सगळी गोष्ट तिथंच वाकडी झाली.

पण सुरुवात चांगली झाली. गजराबाईनं त्याचा कान कोमट पाण्यानं पुसला, हळद लावली. घोंगडीच्या टोकाला गोंडा असतो तसा तो गोल दिसायचा, म्हणून त्याचं नाव गोंडा ठेवलं. गोंडा दिवसभर मागाच्या खड्ड्यात झोपे. अंधार पडला की उठे, घरभर फिरे, कोपरे हुंगे आणि कचाकचा काहीतरी खाई. मग मोरीच्या भोकातून परसात जाई आणि पहाटे परत येई. तो काय खातो, हे कोणी पाहिलं नाही. घोंगड्यांनी मात्र ते दाखवलं. त्या वर्षी मायाप्पानं एकेक घोंगडी उन्हावर धरून पाहिली.

“एकबी चांदणी न्हाई,” तो म्हणाला, आणि पुढच्या वेळची लोकरही तुलाच देतो असं सांगून मेंढरं घेऊन गेला.

गजराबाई मागापाशी गेली. खड्ड्यात झोपलेल्या गोंड्याला तिनं दोन्ही हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. ज्याला आपण जीव लावला, त्यानं आपलं घर राखलं, असं तिला वाटलं आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण गजराबाईची कृतज्ञता जोडलेल्या हातांत फार वेळ मावत नसे. ती चुलीकडे वळे.

“ज्याच्या पुण्याईनं आपल्या पानात पडतंय, त्यानं काय झुरळं खायाची?” ती म्हणाली. “आणि पिल्लू हाय. अंग धराय नको?”

त्या दिवसापासून गोंड्याला वाटीभर दूध सुरू झालं. मग दुधात कुस्करलेली भाकरी आली, भाकरीवर गूळ आला, आणि दुपारी शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा. त्याच्या झोपण्यासाठी टोपलीत मऊ लोकरीचे धागे अंथरले. बाहेर जाऊन अरबट-चरबट खाऊ नये, म्हणून संध्याकाळी मोरीच्या भोकाला चिंध्यांचा बोळा लावला. गोंडा आधी वाटीपासून तोंड फिरवायचा. गजराबाई वाटी फिरवून पुन्हा त्याच्या नाकापुढे आणायची. चार दिवसांनी तो पिऊ लागला. पुढे तर वाटीचा आवाज आला की धावत यायचा.

हैबती एकदा म्हणाला, “अगं, त्याला पायजे का ते तरी बघ.”

“लेकराला काय इचारायचं?” गजराबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात तिसरा लाडू ठेवला. हैबतीनं लाडवाकडे पाहिलं, पोटावरून हात फिरवला आणि मुकाट्यानं खाल्ला.

पाच-सहा महिने गेले. गोंडा उंच झाला नाही, लांब झाला नाही. रुंद झाला. गजराबाईला आनंद झाला. शेजारणी बघायला आल्या, तेव्हा तिनं त्याला सुपात ठेवून दाखवलं. मग त्याचं पोट बिघडलं. पातळ, हिरवट होऊ लागलं. टोपलीत गळलेले काटे सापडू लागले. कातडीवर कोंडा धरला. नखं वाढून वाकडी झाली, कारण टोपलीत ती झिजणार कशावर? गजराबाईनं ओळखलं की शेजारणींची दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि ताकद यावी म्हणून दूध वाढवलं.

पावसाळा तोंडावर आला आणि खळीच्या मडक्यावर पुन्हा झुरळं दिसू लागली.

एके दिवशी दिवेलागणीला तिनं गोंड्याची टोपली परसात ठेवली, जरा वारं लागावं म्हणून. मोरीचा बोळा तिनं धुवायला काढला होता. ती आत दिवा लावायला गेली आणि कुंपणातून एक पिवळं कुत्रं आत शिरलं. गोंड्याला वास आला. तो टोपलीतून पडला आणि मोरीच्या भोकाकडे धावला. पूर्वी ज्या भोकातून तो रोज सहज ये-जा करायचा, त्यात तो अर्धा अडकला. मागं सरकून त्यानं अंगाचा गोळा करायला घेतला. पण पोट मध्ये आलं. नाक आत गेलं नाही, पाय आत गेले नाहीत. कुत्र्यानं नेमकं तिथंच तोंड घातलं.

गजराबाई हाताला लागलं ते लाटणं उचलून धावली. कुत्रं पळालं. गोंडा तिच्या ओंजळीत पडून होता, तोंड न मिटणाऱ्या पिशवीसारखा. मांडीवर दाताची खूण होती आणि रक्त येत होतं. जन्मभर ज्या एका युक्तीवर तो जगला होता, ती युक्ती त्याच्याकडे उरली नव्हती. ती कोणी घेतली, हे गजराबाईला अजून कळलं नव्हतं.

सकाळी मायाप्पा आला. मेंढरं परतली होती, लोकर आणली होती. गजराबाईनं गोंडा त्याच्यापुढे ठेवला.

“भावजी, बघा की याला काय झालंय. पिल्लू मोठंच हुईना.”

मायाप्पानं त्याला तळहातावर घेतलं. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, पाय सरळ केले. मागच्या एका पायात लोकरीचा धागा गुंडाळला गेला होता आणि पाय सुजला होता. मायाप्पानं कनवटीची छोटी कातर काढून धागा कापला. मग नखांची फक्त पांढरी टोकं कापली. आतल्या लाल रेघेला त्यानं कातर लागू दिली नाही.

“वहिनी, हे साळिंदर न्हाई,” तो म्हणाला. “हे एवढंच असतंय. म्हातारं हून मेलं तरी एवढंच.”

“मग मी दूध पाजत हुते ते?”

“ते त्याला पचत न्हाई. आईचं सुटलं की दूधच सुटलं त्याचं.”

गजराबाई खाली बसली. “मी उपकार फेडत हुते हो त्याचे.”

मायाप्पानं कातर कनवटीला खोचली. मग म्हणाला, “मेंढरं वल्या हरभऱ्यात शिरली, तर पोट फुगून मरत्यात. खाताना मातर लई खुशीत असत्यात.”

जाताना त्यानं सांगितलं, की दुधाची वाटी उचला, पाणी पसरट परळात ठेवा. टोपलीत धागे नकोत, सुती फडकं पुरे. याला खायला किडे लागतात आणि पळायला जागा लागते. दाताची जखम मात्र आपलं काम नव्हे, ती जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. उंबऱ्यापाशी तो थांबला.

“आणि वहिनी, दुसरं काई करू नका. तेच तुमाला जड जाईल.”

हैबतीनं सायकलला टोपली बांधून गोंड्याला बाजारगावी नेलं. डॉक्टरांनी जखम धुऊन टाका घातला, कातडीच्या खरजेवर औषध दिलं आणि दुधाबद्दल मायाप्पासारखंच सांगितलं.

आता खरी परीक्षा गजराबाईची होती. जखम भरत आली तसा गोंडा संध्याकाळी वाटीच्या जागेवर येऊन बसू लागला. तिथं वाटी नसे. तो नाक वर करी आणि वाट पाही. गजराबाई हात मांडीखाली दाबून बसे. ज्या हातांनी आयुष्यभर वाढलं, त्या हातांना गप्प बसवणं म्हणजे वाहतं पाणी बांधण्यासारखं होतं. एकदा शेजारीण दारातून म्हणाली, “गजराबाईच्या घरात पावणा उपाशी बसलाय, नवलच म्हनायचं.” गजराबाई तशी उठली. तिनं दुधाचं भांडं उचललं, वाटी घेतली आणि चार पावलं आली. मग तिला ते परसातलं दृश्य आठवलं. पोट मध्ये येतंय, नाक आत जात नाही. ती परत गेली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

“हुय, उपाशी हाय,” ती शेजारणीला म्हणाली. “जगू दे त्याला.”

तिनं मोरीचा बोळा चुलीत घातला. झुरळ दिसलं की नवऱ्याला हाक मारणारी ती बाई आता परसातले दगड उलटे करून भुंगेरे शोधू लागली. ते ती डब्यात धरून आणी आणि खोलीभर सोडून देई, म्हणजे गोंड्याला त्यांच्यामागे पळावं लागे. रोज सकाळी ती त्याची विष्ठा पाही, नखं पाही, काट्यांखालची कातडी पाही. पहिले आठ दिवस गोंडा रुसल्यासारखा दोन पावलं चाले आणि बसे. मग चार पावलं चालू लागला. पाऊस पडल्यावर मातीतून किडे निघाले आणि एके रात्री तो अंग चोरून, खरडत, मोरीच्या भोकातून बाहेर गेला. गजराबाई पहाटेपर्यंत जागी होती. उजाडताना मागाच्या खड्ड्यात खसखस झाली, तेव्हा तिला झोप लागली.

श्रावणात ते पिवळं कुत्रं पुन्हा आलं. गोंडा परसाच्या मधोमध होता. गजराबाई लाटणं घेऊन दाराशी धावली आणि तिथंच थांबली. गोंड्यानं नाक आत घेतलं, पाय आत घेतले आणि अंग मिटून घेतलं. कुठं बोट शिरेल एवढी फट राहिली नाही. कुत्र्यानं तोंड लावलं, केकाटलं आणि आलं त्या वाटेनं गेलं. गोळा तसाच पडून राहिला. थोड्या वेळानं त्यातून नाक बाहेर आलं. गजराबाईनं लाटणं खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि हात जोडले. या वेळी हात जोडल्यावर ती चुलीकडे गेली नाही.

त्या दिवशी हैबती जेवायला बसला. गजराबाईनं डब्यातून लाडू काढला, त्याच्या ताटावर धरला आणि तिचा हात वरच राहिला.

“वाढू का?” तिनं विचारलं.

हैबतीनं वर पाहिलं. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला.

लाडू डब्यात गेला. तीस वर्षांत त्याचं ‘नको’ पहिल्यांदा तिच्यापर्यंत पोचलं होतं. हैबती जेवत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, “अर्धा दे.” गजराबाईनं अर्धाच दिला. तो त्यानं चवीनं, पोटावर हात न ठेवता खाल्ला.

त्या वर्षीही घोंगड्यांना चांदण्या पडल्या नाहीत. हैबती आता खड्ड्यात पाय सोडण्याआधी वाकून बघतो आणि मगच बसतो.

तात्पर्य: उपकाराची फेड उपकार करणाऱ्याला मानवेल तशी करावी; आपल्याला आवडते तशी केली, तर ती त्याच्याच जिवावर उठते.