नागतळ्याची वरची पायरी

एका राज्यात एक तळे होते आणि तळ्याच्या तळाशी सोन्याच्या राशीवर नाग निजलेला असे. तो निजला आहे तोवर राज्याला पाणी. उठला, तर एका घोटात तळे संपवील. त्याचे खरे नाव घेऊन त्याला निजवणारा माणूस एकच होता, पाणसरदार सिदोजी.

तळ्याला तीन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर शेवाळ काढणाऱ्या बाया, मधल्या पायरीवर तळ्याचे पाणी सोडणारे मोरीवाले, वरच्या पायरीवर सिदोजी. ज्याची जी पायरी, ती त्याने मरेपर्यंत सोडायची नाही. ही रीत सिदोजी काठीच्या धाकाने चालवी.

एका सकाळी त्याला उठता येईना. पाहतो तो पावले दगडाची झालेली.

राजाने दूरदेशीचे मांत्रिक आणवले. पहिल्याने भस्म फुंकले, त्याचा बगळा झाला. दुसऱ्याने मंत्र म्हटला, त्याची वाचा गेली. तिसरा पाण्यात नागाची सावली पाहून पालखी टाकून पळाला. दगड गुडघ्यांवर आला.

तेव्हा पिंपळावरचा भारद्वाज पक्षी बोलला. "सरदार, विद्या कोंडून ठेवलीत. तीच दगड होऊन चढते आहे. गळ्याशी आली की आवाज बंद, आणि नाग जागा."

"उतारा सांग."

"बाहेर शोधू नका. खालच्या पायरीवरचे माणूस घडवा."

सिदोजीने खाली पाहिले. येसू कमरेएवढ्या पाण्यात शेवाळ ओढत होती.

"येसू, वर ये."

येसू जागची हलली नाही. "मागं माझा पाय मधल्या पायरीला लागला, तर काठी उगारलीत. ती काठी कुठंय, ते आधी सांगा."

सिदोजीने काठी तळ्यात फेकली. ती पाणसाप होऊन पोहत गेली. येसू वर आली.

"सरदारीणबाई, शेवाळ आता कोण काढणार?" खालून ठकूने विचारले.

"तू काढ. चुकले तर येतेच तुझ्या शेजारी."

पहिले काम मोरीचे. येसूने खुंटी उलटी फिरवली. पाणी राजाच्या बागेत घुसले, मोर झाडांवर चढले.

"अक्कल गहाण टाकलीस काय?" सिदोजी गरजला. तोच दगड कमरेवर चढला.

"ओरडून झालं असेल, तर शिकवा," येसू म्हणाली.

सिदोजीने राग गिळला. "खुंटीला कान लाव. पाणी घुमलं की थांब." तिने कान लावला. पाणी वळले. दगड थांबला.

दुसरे काम नागाची झोप ओळखण्याचे. निळा बुडबुडा गाढ झोपेचा, तांबडा जाग येण्याचा. येसू पुन्हा पुन्हा चुकली. सिदोजीने पुन्हा पुन्हा सांगितले, आवाज न चढवता. अखेर ती चुकेना.

तिसरे काम नावाचे. ते नाव दुसऱ्याला दिले की देणाऱ्याच्या जिभेवरून पुसले जाई. सिदोजी म्हणाला, "उद्या सांगतो." दगड छातीवर आला. तरी तो म्हणाला, "परवा."

आणि तळ्यातून तांबडे बुडबुडे उठले.

पाणी दुभंगले. नागाने फणा काढला, त्याखाली सूर्य झाकला गेला. दगड सिदोजीच्या गळ्याशी पोचला. त्याच्यापाशी एक श्वास उरला होता. त्या श्वासात नाव स्वतः घेतले असते, तर आजचा दिवस त्याचा होता.

त्याने ते येसूच्या कानात सांगितले.

येसूने हाक मारली. सगळे नगर ऐकत होते, पण ते नाव कुणालाच ऐकू आले नाही. नागाने मान लववली, तिच्या हिरव्या, शेवाळलेल्या तळव्यावर कपाळ टेकले आणि तो सोन्यावर जाऊन निजला. सूर्य परत आला. सिदोजीच्या अंगावरचा दगड पापुद्र्यासारखा गळून पडला.

राजाने येसूला सरदारकीची वस्त्रे दिली. ती वरच्या पायरीवर बसली आणि तिने पहिली आज्ञा केली. "ठकू, वर ये. खुंटीला कान लाव."

सिदोजी उतरत उतरत खालच्या पायरीवर गेला. त्याने पाण्यात पाय सोडले. पाणी गार होते. इतकी वर्षे राखले, पण हे त्याला ठाऊक नव्हते.