राजाचा ढेकर आणि निववेलीची पेज

एक होता राजा, आणि राजाच्या पोटात होती आग. साधीसुधी नाही, बरं का. राजानं ढेकर दिला की समोरची विझलेली समई भप्पकन पेटायची. हसताय काय रे, बिचाऱ्याला दिवसरात्र कळा यायच्या. पोटात आतून जखमच झाली होती. होणार नाही तर काय? त्या राज्यात लोकांना दुधभातालासुद्धा ठेचा लागायचा.

तिथल्या डोंगरावर लिंबाजी वैदू राहायचा, आणि त्याची लेक भिवरा. डोंगरावर निववेल नावाची वेल होती. तिचा कंद वाळवायचा, कुटायचा, ती पूड भाताच्या पेजेत कालवायची, की पोटातली जखम भरून येते, असं लिंबाजीच्या घरात पणजोबापासून सांगत आलेले. कंद खणायच्या आदल्या दिवशी लिंबाजी वेलीपुढे अक्षता ठेवायचा आणि म्हणायचा, "उद्या न्यायला येतो हो, बाई." असा सज्जन माणूस.

मग लिंबाजीनं राजाला ती पूड दिली. सात दिवस राजा पेज प्याला. आठव्या दिवशी ढेकर दिला, तर समई पेटलीच, वर छताची झालरही जळाली. राजा भडकला. "यानं मला विष घातलं," म्हणाला, आणि लिंबाजीला टाकलं अंधारकोठडीत.

भिवरा आधी पोटभर रडली. मग पदर खोचला आणि थेट दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, औषध खरं की खोटं, पारखून बघू. खोटं निघालं तर मलाही आबांशेजारी डांबा." राजा म्हणाला, बघू तर खरं.

मग पहिल्यांदा तिनं स्वतःच सात दिवस पूड खाल्ली. तिला काही झालं नाही. म्हणजे विष नव्हे, एवढं तर ठरलं.

मग राजासारखीच पोट जळणारी गावातली बारा माणसं जमवली. सहांच्या पेजेत कंदाची पूड, सहांच्या पेजेत नुसतं तांदळाचं पीठ. दिसायला दोन्ही एकसारखं. कुणाला काय, ते एकट्या भिवराला ठाऊक. तीच रांधायची, तीच वाढायची. आठव्या दिवशी बाराही जणांना बारा समयांपुढे बसवलं आणि म्हणाली, द्या ढेकर. चिंगे, तू नाही द्यायचास, गोष्टीतल्यांनी द्यायचा. कंदवाल्यांच्या सहाही समया थंड. पीठवाल्यांच्या सहाही पेटल्या. त्यातले भाऊशेट तर छाती ठोकून सांगत होते, "मला अगदी उतार पडलाय बघा." सांगता सांगता ढेकर आला आणि मिशीचं टोकच जळालं. मग भिवरानं त्या सहांनाही कंद सुरू केला, कुणाला मागं ठेवलं नाही.

आता राहिला राजा. राजवाड्याचा नेम असा, की राजाच्या ताटातलं सगळं राजाच्याच स्वयंपाकघरातून जायचं. म्हणून भिवरा दारात पूड द्यायची आणि आत राजाच्या स्वयंपाकीण सगुणाकाकू पेज करायच्या. सात दिवस झाले. दरबार भरला. राजानं ढेकर दिला आणि समई भप्पकन पेटली.

शिपाई बेड्या घेऊन पुढे आले. तेवढ्यात भिवराचं लक्ष राजाच्या वाडग्याकडे गेलं. तळाशी काहीतरी काळं चिकटलेलं. बोटानं उचलून बघते, तर मोहरीचा दाणा.

"पेजेत मोहरी कुठली?" भिवरानं विचारलं.

सगुणाकाकू पुढे आल्या, अगदी कौतुकानं. "फोडणी दिली की मी. महाराजांना आळणी पेज कशी घालायची? लसूण, मोहरी, चार लवंगी मिरच्या, बाकी काही नाही. मागं लिंबाजीची पूड आली होती, तेव्हाच्या पेजेलाही मीच चव आणली."

राजानं कपाळाला हात लावला. बाई प्रेमानं करायची हो, पण पोटातल्या जखमेवर मिरची. काय म्हणावं!

"अजून सात दिवस द्या, महाराज," भिवरा म्हणाली. "पण पेज मी करीन. आणि शेवटचा ढेकर आबांच्या कोठडीत द्यायचा." राजा कबूल झाला.

मग सात दिवस भिवरानं स्वतः पेज शिजवली. काकू दाराशी पळी घेऊन चुळबुळत बसायच्या, पण फोडणी नाही म्हणजे नाही.

आठव्या दिवशी सगळे कोठडीत उतरले. आत मिट्ट काळोख. विझलेली समई मधोमध ठेवली, मशालजीला बाहेर थांबवलं. राजानं चांगला मोठा ढेकर दिला. आणि काय झालं सांगू? काहीच नाही. राजानं दुसरा दिला, मग तिसरा दिला. काळोख तो काळोखच.

तेव्हा कोपऱ्यातून लिंबाजीचा आवाज आला, "लागू पडलं गं, पोरी."

मग राजानं स्वतः चाचपडत जाऊन त्याच्या बेड्या काढल्या, पाया पडून माफी मागितली. लिंबाजी लेकीचा हात धरून डोंगरावर गेला आणि त्यानं आधी वेलीपुढे अक्षता ठेवल्या. त्या राज्यात पुन्हा कुणाचं पोट जळलं नाही, सगळे सुखात राहिले.

चला, आता पांघरुणं घ्या. मी समई मालवते. आणि कुणी ढेकर देऊ नका, परत पेटायची.