नारळापुरतं जहाज

तुम्हीच सांगा, नारळी पौर्णिमेपर्यंत जहाज बांधून द्या म्हणायचं आणि वर रोज येऊन त्यात एक नवी वस्तू वाढवायची, तर सुताराने करायचं तरी काय?

शंखापूरच्या धाकू मेस्त्रींवर हीच वेळ आली होती. महाराज रणधवल रोज सकाळी फिरत फिरत खाडीकाठी येत. मेस्त्रींची सून येसू तिथेच फळ्यांच्या सांध्यांत ठोकायचा कापूस पिंजत बसलेली असे.

"मेस्त्री, जहाजाच्या तोंडाशी सोनेरी सिंह हवा!"

"जी, महाराज."

दुसऱ्या दिवशी झोपाळा आला. "एवढंसं तर आहे!" महाराज म्हणाले. तिसऱ्या दिवशी राणीसाहेबांच्या मोरासाठी पिंजरा आला. मग नगारा. आणि मग चक्क कारंजं!

"समुद्रात कारंजं, महाराज?" येसूच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंसं तर आहे!"

येसू पदर सावरून उभी राहिली. "महाराज, पौर्णिमेपर्यंत एवढं सगळं व्हायचं नाही. यातलं काय वगळायचं, ते तरी सांगा."

"काहीही वगळायचं नाही!"

"मग जहाजाचं काम दिवाळीपर्यंत नेलं तर?"

"नारळी पौर्णिमा दिवाळीत येते का गं, पोरी?"

"मग काम जरा कच्चं राहील. चालेल?"

"आत एक थेंब पाणी आलं तर याद राखा!" महाराज कडाडले. "पौर्णिमेला मी याच जहाजातून दर्याला नारळ वाहणार. जहाज तयार नसलं, तर तुम्ही सगळ्या सुतारांनी खाडीकाठची ही जागा सोडायची. बोचकी उचलायची आणि चालू लागायचं!"

हातोड्या थांबल्या. त्या जागेवर प्रत्येकाचं घर होतं, चूल होती.

"माणसं कमी पडतात ना? मी देतो की!" प्रधान त्र्यंबकपंत ऐटीत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी राजबागेतले सगळे माळी हजर! माणसं गुणी होती बिचारी. पण रंधा कसा धरायचा हे त्यांना शिकवायला जुने सुतार बसले, आणि जहाजाला एक फळीसुद्धा चढली नाही. एका माळ्याने तर चांगल्या सागवानी फळ्यांचा सुरेख मांडव उभारला. जाईचा वेल चढवायला!

मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "सूनबाई, आता एकच उपाय. सांध्यांत कापूस दोनदा ठोकतो ना, तो एकदाच ठोकू. तेल मुरायची वाट बघायची नाही. वरून झकास रंग देऊ. कुणाला दिसतंय?"

"दर्याला दिसतं, मामंजी."

मेस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

येसू क्षणभर जहाजाच्या उघड्या बरगड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक जुनी होडी द्या मला. महाराजांनी सांगितलेलं सगळं तिच्यावर चढवू. लहान लहान करून, पण सगळं. आणि तिचे सांधे तुम्ही म्हणता तितक्याच घाईने भरू."

होडी सजली. येसूने महाराजांना आमंत्रण धाडलं: जहाज कसं होणार ते आधी बसून बघावं. महाराज खूश! प्रधानांना आणि राणीसाहेबांच्या मोराला घेऊन आले, मोराला पिंजऱ्यात ठेवून हातात नारळ धरून होडीत ऐटीत बसले. येसूने होडी कमरभर पाण्यात ढकलली आणि बाजूला पाण्यातच उभी राहिली.

"वा! सिंह छान! झोपाळा छान!" महाराज म्हणाले. "पण हे काय? माझे जोडे भिजले!"

"एवढंसं तर पाणी आहे, महाराज!" येसू म्हणाली.

सगळ्यात आधी मोराला कळलं. तो पिंजऱ्यातून निसटला आणि काठावरच्या उंडीच्या झाडावर जाऊन बसला.

"पाणी घोट्यापर्यंत आलं! प्रधानजी, तो नगारा फेका!"

धप्प! नगारा गेला.

"कारंजं कशाला हवंय? खालून आपोआप उडतंय! फेका ते!"

कारंजं गेलं. रिकामा पिंजरा गेला. झोपाळा गेला.

"आणि सिंह, महाराज?" प्रधानांनी चाचरत विचारलं.

"सिंहाला पोहता येतं! फेका!"

सिंह बुडाला, तरी पाणी थांबेना. महाराजांनी होडीत नजर फिरवली. फेकण्याजोगं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी ती नजर ओळखली, पागोटं सांभाळलं आणि आपणहून उडी मारली!

होडी खाली बसली. महाराज कमरभर पाण्यात उभे राहिले. नारळ मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेला होता.

"महाराज, तोही फेकायचा का?" येसूने विचारलं.

"खुळी की काय! नारळ वाहायचा म्हणून तर जहाज हवंय!"

येसूने हात जोडले. "काय वगळायचं ते तुम्ही मला सांगत नव्हतात, महाराज. आज आपल्या हातांनी दाखवलंत. सिंहसुद्धा गेला, पण नारळ राहिला. मग जहाज नारळापुरतं बांधू. साधं, पण सांधा न् सांधा पक्का. ते पौर्णिमेला नक्की तरंगेल. झोपाळा मागाहून टांगू. ते तरंगत असलं तर टांगता येईल!"

महाराजांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पागोटं पिळणाऱ्या प्रधानांकडे, एकदा झाडावरच्या मोराकडे. आणि ते असे खदाखदा हसले की नारळ हातातून सुटता सुटता राहिला!

"धाकू मेस्त्री!" ते पाण्यातूनच ओरडले. "खाडीकाठची ही जागा तुम्हा सुतारांना कायमची इनाम! येसूला साडीचोळी! आणि यापुढे जहाजावर काही वाढवायचं असेल, तर आधी येसूची परवानगी घ्यायची. मीसुद्धा!"

"बरं, महाराज," येसू म्हणाली. "आधी बाहेर या. पडसं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळी राजबागेत परत गेले, सुतारांनी जाईच्या मांडवाच्या फळ्या उतरवून जहाजाला चढवल्या, आणि येसूने तेलात कापूस भिजत घातला.